सांध्यात शिरलेलं पाणी

आमच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की काका त्याच्या तोंडाकडे बघत नसत, पायांकडे बघत. सहा वर्षं मी त्यांच्याकडे नोकरी केली, पण रस्त्यात समोरासमोर आलो तर ते मला ओळखतील याची खात्री नसायची. एकदा बसथांब्यावर शेजारी उभी राहून मी दोनदा "काका" म्हणाले, तर कोण ही बाई अशा नजरेने बघत राहिले. बस आली, मी चार पावलं चालले, तेव्हा मागून म्हणाले, "अगं, तू होय! मग आधी चालायचं नाही का?"

कसबा पेठेतल्या एका बोळात त्यांचं दुकान होतं. घरात घालायच्या लाकडी जमिनी विकायचे. खऱ्या सागवानाच्याही आणि लॅमिनेटच्याही. गिऱ्हाइकाला दारातच चपला काढायला लावायचे, मोजेसुद्धा. आत बारा फुटांची एक पट्टी बसवलेली होती, अर्धी सागवानाची, अर्धी लॅमिनेटची. डोळे मिटून तिच्यावरून चालायचं, असा नियम. काका पाठ करून बसत आणि पावलांचा आवाज ऐकत. एका निवृत्त साहेबांना त्यांनी नुसतं ऐकून सांगितलं, "डावा गुडघा दाखवून घ्या." साहेब भडकले. "मी डॉक्टरकडे आलोय की सुताराकडे?" काका म्हणाले, "सुताराकडे. डॉक्टर इतक्या लवकर सांगत नाहीत."

"आम्हाला ना, फक्त वुडन लूक हवाय," असं कुणी म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी पडे. "लूकच हवा असेल तर भिंतीला झाडाचा फोटो लावा. जमिनीवर माणूस चालतो, तिला बघत बसत नाही." पण लॅमिनेटला ते नावं ठेवत नसत, हे सांगायला हवं. घरात कुत्रा असेल, लहान पोरं तीनचाकी फिरवणारी असतील, तर स्वतःहून लॅमिनेट घ्यायला लावत. लॅमिनेट म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी, वरून लाकडाचं चित्र. तिला ओरखडे कमी पडतात. सागवानाला खड्डा पडला तर तासून काढता येतो. लॅमिनेट तासलं तर आतून नुसता भुसा निघतो, असं ते म्हणत, आणि हे सांगताना त्यांचा आवाज कुणाची तरी बाजू घेतल्यासारखा होई.

सागवान घेणाऱ्याला आणखी एक अट असे. फळ्या घरात नेऊन पंधरा दिवस नुसत्या पडू द्यायच्या, घराची हवा त्यांना लागू द्यायची आणि मगच बसवायच्या. "नवी सून उंबरठा ओलांडून आत आली की लगेच तिच्या हातात झाडू देता का?" असं विचारत. पुण्यात या प्रश्नाला "हो" म्हणणाऱ्या सासवाही त्यांना भेटल्या होत्या. त्यांना ते मुकाट्याने लॅमिनेट दाखवत.

पण दुकान खऱ्या अर्थाने डबघाईला आणलं ते त्यांच्या शेवटच्या प्रश्नाने. गिऱ्हाइकाचं सगळं ठरलं, मी कोटेशन लिहायला घेतलं, की काका विचारत, "घरातून माणूस गेलं की घर धुता का?"

एकदा हडपसरहून आयटीत काम करणारं एक जोडपं आलं होतं, सोबत मुलाची आई. नव्या फ्लॅटसाठी लॅमिनेट पसंत पडलं होतं. काकांनी प्रश्न विचारला आणि त्या आईंचा चेहरा उतरला.

"अहो, वास्तुशांत व्हायचीय अजून. काय अभद्र बोलता?"

"वास्तुशांत झाल्यावर माणसं मरायची थांबतात का?"

"आम्ही शोरूममध्ये बघू," मुलगा म्हणाला.

"जरूर बघा. तिथे एसी आहे आणि असलं कोणी विचारत नाही. पण बाई, लॅमिनेटवर बादलीने पाणी ओतायचं नसतं एवढं लक्षात ठेवा. सांध्यात पाणी शिरलं की फळी फुगते, आणि फुगलेली फळी परत बसत नाही."

ते गेले. मी तेव्हा नवीन होते, तरुण होते आणि चिडले होते. "काका, पाणी ओतू नका एवढंच सांगा ना. मरणाचं कशाला?"

"रोजचं पुसणं ओल्या फडक्याचं असतं. पिळून पुसा म्हटलं तर बायका ऐकतात. बादल्या ओततात त्या एकाच दिवशी, आणि त्या दिवशी त्यांना कोणी काही सांगू शकत नाही. म्हणून आधी विचारतो."

यामागचं कारण मला दुसऱ्या वर्षी कळलं. शेजारी तांब्याची भांडी ठोकणारे एक गृहस्थ होते, त्यांनी सांगितलं. काकांनी लॅमिनेटचा पहिला माल आणला तो मोठ्या हौसेने आधी आपल्याच घरात बसवला होता, दुकानाच्या वरच्या खोलीत. त्याच वर्षी काकू गेल्या. रीतीप्रमाणे त्यांना जमिनीवर घेतलं, काका स्मशानात गेले आणि मागे बायकांनी घर धुऊन काढलं. काकूंना जिथे ठेवलं होतं तिथेच सगळ्यात जास्त पाणी ओतलं गेलं. त्या जागेवरच्या फळ्या आठ दिवसांत फुगून वर आल्या. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून काका त्या खोलीत एकटे राहत आणि त्या फुगलेल्या जागेला वळसा घालून चालत. जमिनीचा धंदा करणाऱ्या माणसाने सहा फळ्या बदलल्या नाहीत, याचं त्या शेजाऱ्यांना फार नवल वाटे.

मला तेव्हा नवल वाटलं नाही, भीती वाटली. त्यानंतर मी त्या प्रश्नावरून त्यांच्याशी कधी वाद घातला नाही.

मग आमच्याच घरी वेळ आली.

आम्ही हडपसरचे. जिथे अण्णा, म्हणजे माझे वडील, कांदा लावायचे तिथे आता इमारती आहेत आणि त्यातल्या एकीत चौथ्या मजल्यावर आम्ही राहतो. अण्णांना ती गुळगुळीत फरशी कधी आवडली नाही. "पाय ठिवला तरी वळख देत न्हाई," म्हणायचे. एका सकाळी बाथरूममधून ओल्या पायांनी बाहेर आले आणि घसरले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले घरी न्या, रोज वॉकर घेऊन चालवा, चालले नाहीत तर अंथरुणाला खिळतील. अण्णांनी दवाखान्यातच जाहीर केलं की त्या फरशीवर आपण पुन्हा पाय टाकणार नाही.

मी काकांकडे गेले. ते म्हणाले, "सागवान. दुसरं काही नाही. शेतातला माणूस आहे, पायाला कळेल."

"बसेल कधी?"

"पंधरा दिवस फळ्या पडू दे. मग आठवडा बसवायला."

"अण्णा गुरुवारी घरी येतायत काका."

"तोवर सतरंजी टाक."

"सतरंजीत वॉकर अडकतो. ते चाललेच नाहीत तर?"

सागवान न रुळवता घालायला काका तयार नव्हते, आणि मी थांबायला तयार नव्हते. लॅमिनेट दोन दिवसांत बसतं. शेवटी तेच ठरलं. माप घ्यायला आमच्याकडे जाताना रिक्षात मी त्यांना म्हणाले, "काका, आईसमोर तो प्रश्न विचारू नका. दवाखान्यातून माणूस यायचंय अजून."

"तू सांगतेस म्हणून," ते म्हणाले.

त्यांनी विचारला नाही. माप घेतलं, आईने दिलेला चहा उभ्यानेच घेतला, निघताना दारात थबकले, काहीतरी बोलणार असं वाटलं, आणि चपला घालून गेले. इतक्या वर्षांत त्यांनी तो प्रश्न गिळला तो एवढ्या एकाच घरी, आणि तो माझ्यासाठी.

गुरुवारी अण्णा आले. वॉकर धरून दारात उभे राहिले, एक पाय टाकला, अंगठा दाबून पाहिला. "हाय की गं ऊब," म्हणाले. त्या दिवशी ते दारापासून बाल्कनीपर्यंत गेले. महिन्याभरात वॉकर सुटला, काठी आली. चौदा महिने ते त्या जमिनीवर चालले. काका अधूनमधून येत आणि अण्णा चालताना डोळे मिटून ऐकत बसत. दोघं एकमेकांशी फारसं बोलत नसत. एकदा अण्णा म्हणाले, "पाव्हणं, लाकडाचं सोंग हाय पर चांगलं हाय." काका इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पंधराव्या महिन्यात अण्णा झोपेतच गेले. सकाळी त्यांना हॉलमध्ये खाली घेतलं. गावातली, भावकीतली सगळी माणसं जमली. काकाही आले. पुरुष माणसं अण्णांना घेऊन खाली उतरली, पण काका गेले नाहीत. ते भिंतीशी उभे होते. माझी आत्या बाथरूममधून बादली भरून घेऊन आली.

मला सगळं माहीत होतं. ते पाणी कुठे शिरेल, किती वेळात शिरेल, काय होईल, हे त्या घरात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण कुठल्या तोंडाने सांगणार होते? भावाला निरोप देऊन वळलेल्या बहिणीला "आत्या, जमीन खराब होईल" असं म्हणायचं? आत्याने बादली ओतली. मागून दुसरी आली.

आणि काका गुडघ्यावर बसले. बाल्कनीतल्या दोरीवरचे टॉवेल ओढून आणले, दिवाणावरची चादर ओढली आणि पाणी टिपायला लागले. टिपायचं, बादलीत पिळायचं, पुन्हा टिपायचं. चादर पुरेना तसा त्यांनी अंगातला शर्ट काढला. बायका मागे सरल्या.

"कोन हाय ह्यो बाबा?" आत्या म्हणाली.

"आत्याबाई, एवढ्यावर थांबा. रीत झाली. पाया पडतो तुमच्या, आता पुसून घेऊ द्या."

तेव्हा मी ओरडले. "काका, उठा! माझा बाप गेलाय, आणि तुम्हाला तुमच्या फळ्यांची पडलीय?"

त्यांचे हात थांबले. हातातली चादर त्यांनी बादलीत पिळली, घडी करून बादलीच्या काठावर ठेवली. ओला शर्ट अंगात घातला आणि गेले. कुणी त्यांना थांबवलं नाही. आत्याने तिसरी बादली आणली.

त्या जागी दहा दिवस दिवा होता. तिसऱ्या दिवशी दिव्याजवळच्या फळ्यांच्या कडा उचलल्या. दहाव्यापर्यंत ती जागा डोळ्यांना दिसू लागली, माणूस झोपावा एवढी. आई स्वयंपाकघरातून बाल्कनीत जायची ती सोफ्याच्या मागून, भिंतीला धरून. मला वाटलं, ती ती जागा जपते आहे. पण एक दिवस ती रडतच मला म्हणाली, "काढा ते. हातात काय बाय असलं की ध्यान राहत न्हाई आन पाय पडतो त्यांच्यावर. चाळीस वरसांत कधी पाय लागू दिला न्हाई गं मी त्यांना."

मला काकांकडे जायचं धैर्य झालं नाही. मी नोकरीवर परत गेलेच नाही. घराजवळ दुसरं काम धरलं, येत नाही एवढाच निरोप फोनवर टाकला. सहा वर्षं ज्यांच्याकडे काम केलं त्या माणसाला असं दोन ओळींत तोडताना मला लाज वाटली, पण तोंड दाखवायची त्याहून जास्त वाटत होती.

शेवटी आईनेच त्यांना फोन केला. एका रविवारी ते हत्यारांची पिशवी आणि एक खोका घेऊन दारात उभे. आमच्या जमिनीतलीच, त्याच मालातली, एक पेटी त्यांनी बसवण्याच्या दिवशीच बाजूला काढून माळ्यावर ठेवली होती. कशासाठी, ते तेव्हा सांगितलं नव्हतं. विचारू नका म्हणून मीच तर अडवलं होतं.

लॅमिनेटच्या फळ्या एकमेकींत अडकवलेल्या असतात. मधली काढायची तर भिंतीपासून एकेक सोडवत यावं लागतं. काका खिडकीकडून सुरुवात करून, प्रत्येक फळीवर खडूने आकडा घालत, त्या जागेपर्यंत आले. मी चहा घेऊन गेले. म्हटलं, "काका, त्या दिवशी मी..."

"खोटं नव्हतीस बोलत," ते मान वर न करता म्हणाले. "तुझे वडील मला दिसतच नव्हते. आमच्याकडे मी स्मशानातून परत येईस्तोवर पाणी शिरून गेलं होतं. तुझ्याकडे वेळेवर होतो. वाटलं, जमेल." मग हात पुढे करून म्हणाले, "ती हातोडी दे."

सहा फुगलेल्या फळ्या निघाल्या, सहा नव्या बसल्या. खडूचे आकडे पुसल्यावर जुनी कुठली, नवी कुठली, मलाही ओळखता येईना. आईने हात जोडले.

आठ दिवसांनी काका बघायला आले. सांधे नीट बसलेत का, एवढंच बघायचं होतं. दिवाणावर बसले. आईने चहा केला आणि कप घेऊन स्वयंपाकघरातून निघाली. समोर सरळ सपाट जमीन होती. आई सोफ्याच्या मागून, भिंतीला धरून आली. काकांच्या हातात कप दिला आणि तशीच, वळसा घालून परत गेली. तिला स्वतःला ते कळलं असेल असं वाटत नाही.

काकांनी तो चहा प्यायला नाही. लिफ्टपाशी मी सोडायला गेले, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते, आणि आश्चर्य म्हणजे चेहऱ्यावर आनंद होता.

"बघितलंस? काढलं तरी जात नाही."

"काय काका?"

"बारा वर्षं मला वाटत होतं, त्या फळ्या काढल्या तर तीही जाईल. म्हणून हात लावला नाही. तुझ्या आईचं बघ. जमीन सपाट आहे, पण माणूस आहे तिथंच आहे." मग माझ्या हाताला धरून म्हणाले, "रविवारी माझं काढतो. ठेचकाळून पडायला होतं आता मला. येशील? एकट्याने होणार नाही."

मी आनंदाने हो म्हटलं. त्या दिवशीचं माझं बोलणं भरून काढायची वेळ आली, असं मला वाटलं.

रविवारी मी गेले. दुकानावरची ती खोली मी पहिल्यांदाच पाहत होते. एक कॉट, एक टेबल, खिडकी, आणि मध्ये ती उंचवटलेली जागा. एवढ्या वर्षांत तिच्या कडांचा भुगा झाला होता. काकांनी सगळं स्वतःच्या हाताने केलं, मी फक्त फळ्या उचलून दिल्या. जुन्या सहा फळ्या त्यांनी कॉटवर ओळीने ठेवल्या, चादर टाकून. नव्या बसवल्या. दुपारचे दोन वाजले होते. खोली एकदम मोठी दिसायला लागली.

"झालं," काका म्हणाले आणि हात धुवायला मोरीकडे गेले. हात पुसत परत आले आणि खिडकी उघडायला गेले. मोरीपासून खिडकीपर्यंत, खोलीच्या मधोमध, सरळ. खिडकीची कडी काढली. मग त्यांचा हात कडीवरच राहिला.

ते हळूच वळले. आपण जिथून आलो त्या जमिनीकडे बघत राहिले. पुन्हा मोरीकडे चालत गेले, पुन्हा खिडकीकडे आले. तिसऱ्यांदा त्यांनी मुद्दाम वळसा घातला, पण पाय अडखळत होते, कुठून वळायचं ते त्यांना सापडत नव्हतं.

"गेली," ते म्हणाले.

मी म्हटलं, "काका, बसा जरा. असं नसतं." काय असतं नि काय नसतं, मला काही माहीत नव्हतं.

"आईचं राहिलं गं तुझ्या. माझं गेलं. माझ्याजवळ तेवढंच होतं, ते मी काढून टाकलं." आणि मग लहान मुलासारखे घाईने म्हणाले, "परत बसव. त्या जुन्या परत बसव. ऊठ."

आम्ही नव्या फळ्या उपटल्या. चादर काढून जुन्या खाली घेतल्या. फुगलेल्या कडा एकमेकींत जाईनात. मी ठोकल्या, त्यांनी तासायला घेतल्या तर आतून भुसा निघायला लागला, तरी ते ओंजळीने तो भुसा सांध्यांत भरत होते. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं खाली बसून तेच करत होतो. एकही फळी बसली नाही.

त्यानंतर काका पाच महिने होते. खोलीच्या मध्ये सहा फळ्यांएवढी जागा उघडीच होती, खालची फरशी दिसायची. मी दर रविवारी जायचे. ते कॉटवर बसून त्या फरशीकडे बघत असायचे, आणि मी दारातून आत आले की पावलांवरून मला ओळखायचे. त्या फळ्यांवरून मला एकदाही काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.